कुलपं कोणाची? कोकणातल्या गावानं आपल्या घरटंचाईचं कारण कसं शोधावं

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ वर आली. सिंधुदुर्गातही त्या दहा वर्षांत घटच झाली. माणसं कमी झाली म्हणजे घरं उरायला हवीत. प्रत्यक्षात दापोलीपासून मालवणपर्यंत किनाऱ्यालगतच्या गावांत बदलून आलेल्या शिक्षिकेला खोली मिळत नाही, आरोग्यसेविका तालुक्याच्या गावाहून एसटीनं येऊन-जाऊन करते आणि लग्न झालेला धाकटा भाऊ पडवीला पत्रे लावून संसार मांडतो. रायगडात, विशेषतः अलिबागच्या बाजूला, हेच चित्र आणखी गडद आहे. मार्च २०२० मध्ये मुंबईहून मांडव्याला गाड्यांसकट माणसं नेणारी रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि शनिवार-रविवारपुरतं घर ठेवणं मुंबईकराच्या आवाक्यात आलं.

ग्रामसभेत हा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'मुंबईवाल्यांनी जमिनी घेतल्या.' ते खोटं नाही, पण बहुतेक गावांत ते अर्धंच खरं असतं. बंद घराचं कुलूप कोणाचं आहे त्यावर कारण बदलतं आणि उपायही. पुण्याच्या डॉक्टरचा बंगला आणि परळला राहणाऱ्या चुलत्यांचं वडिलोपार्जित घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच रकान्यात टाकल्या की पुढचं सगळं चुकतं. खाली दिलेली पद्धत तीनशे-चारशे घरांच्या गावाला चार-पाच माणसांनी संध्याकाळी वेळ काढून महिनाभरात पुरी करता येईल अशी आहे.

मोजणी कधी करायची

मे महिना, शिमगा आणि गणपती या तीन वेळा टाळा. त्या दिवसांत प्रत्येक घर उघडं दिसतं. डिसेंबरचा शेवटचा आठवडाही नको, कारण तेव्हा बंगले भरलेले असतात. लावणी उरकल्यावर, साधारण जुलैच्या मध्यापासून गणपतीच्या तयारीला लोक येऊ लागेपर्यंतचा काळ उत्तम. भर पावसात ज्या घरातून धूर निघतो ते घर खरोखर राहतं.

मोजणी तेव्हा करा, पण बोलणी गणपतीतच करा. बंद घराचे सगळे वारस एका छपराखाली वर्षातून त्याच दिवसांत भेटतात. जुलैमध्ये फोन करून काही हाती लागत नाही.

नमुना ८ पासून सुरुवात

ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही, म्हणजे नमुना ८, ही तुमची मूळ यादी. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) वाडीवार प्रत घ्या आणि वहीत उतरवताना शेजारी चार रकाने कोरे ठेवा: घराची स्थिती, मालक राहतो कुठे, वर्षातून किती दिवस उघडं, आणि बंद असेल तर का.

ही यादी जशीच्या तशी खरी मानू नका. भावाभावांत आकारणी वेगळी करून घेतलेली असते, त्यामुळे एकाच छपराला दोन-तीन घर नंबर असतात. दहा वर्षांपूर्वी बसलेलं घर कागदावर अजून उभं असतं, कारण घर नंबर सोडायला कोणी तयार नसतं. गोठा 'घर' म्हणून चढलेला असतो. उलट सात-आठ बंगल्यांची अख्खी वसाहत कधी एकाच नंबरावर असते, तर काही नव्या बंगल्यांची आकारणीच झालेली नसते. म्हणून यादी हातात घेऊन वाडी चालायची. यादीवरून घर शोधायचं आणि दिसलेलं घर यादीत शोधायचं, दोन्ही बाजूंनी.

प्रत्येक घराला पाचांपैकी एक खूण द्या. 'अ' म्हणजे बारमाही राहतं घर. 'ब' म्हणजे गावच्याच माणसाचं, पण मालक बाहेरगावी. 'क' म्हणजे बाहेरच्या माणसानं सुट्टीसाठी बांधलेलं किंवा घेतलेलं. 'ड' म्हणजे पर्यटकांना रोजावर दिलं जाणारं, मग मालक गावचा असो वा बाहेरचा. 'इ' म्हणजे पडकं.

घर बंद आहे की माणसं फक्त कामावर गेली आहेत हे दारावर थाप मारून कळत नाही. पायरीवरचं शेवाळ बघा. रोज पाय पडणाऱ्या पायरीच्या मधोमध ते धरत नाही, कडेला धरतं. तुळशीभोवतालचं गवत, पडवीत रचलेली लाकडं, वळणीवरचे कपडे हीसुद्धा साक्ष देतात. सर्वांत खात्रीचं साधन म्हणजे बाहेरच्या भिंतीवरचा वीज मीटर. घरच्यांना किंवा राखणदाराला विचारून त्याचा आकडा तीस दिवसांच्या अंतरानं दोनदा लिहा. दोन-चार युनिट फिरलं असेल तर घर बंद. फ्रिज आणि पंखे असलेलं राहतं घर सहसा पन्नासच्या पुढे जातं. बंगल्यांना मात्र हा ठोकताळा लागू पडत नाही. पाण्याचा पंप, कुंपणाचे दिवे, कॅमेरे आणि राखणदाराची खोली यांवर माणूस नसतानाही शंभरावर युनिट जातात. तिथे राखणदारालाच विचारा, तो खरं सांगतो.

मतदार यादीवर विसंबू नका. मुंबईला राहणाऱ्या कित्येकांचं नाव गावच्या यादीत असतं. शिधापत्रिकांचंही तेच, योजनेच्या लाभासाठी एका चुलीवर दोन शिधापत्रिका निघतात. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्या घरोघरच्या पाहणीची वही या दोन्हींपेक्षा कितीतरी भरवशाची. मोजणीच्या गटात त्यांच्यापैकी एक असलीच पाहिजे.

एक गोष्ट अजिबात विसरू नका. बंद घरांची नावानिशी यादी ही चोराच्या फार उपयोगाची आहे. ती व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची नाही आणि फलकावरही लावायची नाही. वही पंचायतीच्या कपाटात ठेवा, ग्रामसभेत फक्त बेरजा वाचा.

गरज मोजताना चुली मोजा

टंचाई म्हणजे घरं किती बंद आहेत हे नव्हे, कितीजणांना घर हवं आणि मिळत नाही हे. त्यासाठी 'अ' खुणेच्या प्रत्येक घरात एकच प्रश्न विचारा: या छपराखाली किती चुली? एका घरात तीन भावांच्या तीन चुली असतील तर दोन कुटुंबांना घर हवं आहे असं धरा, आणि लगेच विचारा की खरंच हवं आहे का. काहींना एकत्रच राहायचं असतं.

मग जी माणसं यादीत येतच नाहीत ती शोधा. गावात नोकरी करून बाहेर राहणारे शिक्षक, लाइनमन, पतपेढीचे कर्मचारी. बंगल्यांवर आणि रिसॉर्टवर काम करणारे बाहेरचे मजूर, जे आठ-आठ जण एका खोलीत असतात. आणि घर नाही म्हणून तालुक्याला भाड्यानं गेलेली गावची जोडपी. या जोडप्यांची नावं शाळेच्या पटावरून निघतात. मूल गावच्या शाळेतून काढून तालुक्याच्या शाळेत घातलं, तर बहुतेकदा घरही हललेलं असतं.

हिशेब कसा दिसतो ते कल्पित आकड्यांनी पाहू. समजा नमुना ८ मध्ये दुरुस्तीनंतर ४१२ घरं उरली. त्यातली 'अ' २३१, 'ब' ९६, 'क' ४८, 'ड' २२, 'इ' १५. गरज निघाली जादा चुलींची ३८ आणि बाहेरून येणाऱ्यांची ११, एकूण ४९. ग्रामसभेत ज्यांच्यावर सगळा राग आहे ते बंगले ४८ आहेत, आणि गावच्याच लोकांची कुलपं त्याच्या दुप्पट. या गावाला एकही नवी भिंत न उभारता गरज भागवण्याइतकी घरं उभी आहेत. शेजारच्या गावात 'ब' ३० आणि 'क' १४० निघाले तर गोष्ट पूर्ण वेगळी. तिथे जमिनीचा भाव हा मुख्य धागा धरावा लागेल.

जमीन कोणी घेतली: सूची क्रमांक २

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव आणि गट नंबर घालून खरेदीखतांची सूची क्रमांक २ पाहता येते. मागची दहा वर्षं घ्या. प्रत्येक नोंदीत मोबदला, बाजारमूल्य, क्षेत्र आणि घेणाऱ्या-देणाऱ्यांचा पत्ता पिनकोडसकट असतो. घेणाऱ्याचा पिन ४०० नं सुरू झाला तर बहुतेक करून मुंबई-ठाणे, ४११ म्हणजे पुणे, ४०२ म्हणजे रायगड. दापोलीचा ४१५७१२. वर्षवार रकाना काढा आणि त्यात किती गुंठे गावाबाहेर गेले ते लिहा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ४०० दिसला की 'बाहेरचा' लिहून मोकळं होणं. घाटकोपरला राहणारा गावचाच मुलगा चुलत्याचा हिस्सा विकत घेतो तेव्हाही पिन ४०० च येतो. आडनाव आणि वाडी जाणत्या माणसाकडून ताडून घ्या. दुसरं, मोबदल्याचा आकडा हा कागदावरचा आहे. सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातल्या (रेडी रेकनर) दराला चिकटून असलेले व्यवहार भावाचा अंदाज घ्यायला बाजूला ठेवा, कारण प्रत्यक्षात हात बदललेली रक्कम वेगळी असू शकते.

गावात जुनं मोडकं घर अवाच्या सवा भावानं गेलं असेल तर किनाऱ्यापासूनचं अंतर मोजा. सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, २०११ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र होता. २०१९ च्या अधिसूचनेनं दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा दाट वस्ती असलेल्या भागात तो ५० मीटरवर आणला, बाकी ठिकाणी २०० च ठेवला. या पट्ट्यात नवं घर बांधता येत नाही, पण पूर्वीच्या अधिकृत घराची दुरुस्ती-पुनर्बांधणी होऊ शकते. म्हणून घेणारा भिंतींचे पैसे देत नाही, घर नंबराचे देतो. एरवी भाड्यानं किंवा स्वस्तात गावातल्याच कुणाला गेलं असतं ते घर असं हातचं जातं.

नवं घर का उठत नाही

गावच्या तरुणाला बांधायचंच असेल तर अडतं कुठे, हे तीन-चार खऱ्या प्रकरणांवरून पाहा. अर्ज कुठल्या टेबलावर थांबला ते लिहा.

कोकणातली पहिली अडचण गावठाणाची. देशावर गाव एकवट असतं, इथे वाड्या विखुरलेल्या. कित्येक गावांत गावठाण म्हणून नोंदलेलं क्षेत्र नाहीच किंवा मूठभर आहे, आणि घरं पिढ्यान्‌पिढ्या शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर उभी आहेत. गावठाण असेल तर त्याच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीवर घर बांधायला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड चा आधार मिळू शकतो, मात्र प्रादेशिक आराखड्यातला वापर जुळला पाहिजे. गावठाणच नसेल तर हे २०० मीटर मोजायचे कुठून? अशा गावानं आधी गावठाण निश्चितीचा किंवा विस्ताराचा प्रस्ताव तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे लावून धरायला हवा.

दुसरी अडचण तुकडेबंदीची. रत्नागिरी-सिंधुदुर्गासह बहुतेक जिल्ह्यांत २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही ते, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. घराला लागतात दोन-तीन गुंठे. म्हणजे ज्याच्याकडे वीस गुंठ्यांचे पैसे आहेत तो घेऊ शकतो, ज्याला दोनच हवेत तो अडकतो. शहरातल्या गिऱ्हाईकाला या कायद्याचा त्रास कमी आणि गावातल्याला जास्त होतो तो असा. शेतघराच्या परवानगीलाही सर्वसाधारणपणे किमान ०.४ हेक्टर, म्हणजे एकरभर जमीन लागते. तिथेही पारडं तिकडेच झुकतं. २०२५ मध्ये काही क्षेत्रांपुरती तुकडेबंदी शिथिल झाली आहे. आपलं गाव त्यात बसतं का हे तहसील कार्यालयातून लेखीच घ्या, तोंडी सांगण्यावर खरेदीखत करू नका.

तिसरी घरकुलाची. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात, घर किमान २५ चौरस मीटरचं. ज्याला जागाच नाही त्याच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय जागा खरेदी योजना आहे, ५०० चौरस फुटांसाठी कमाल १ लाख. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. गावात गुंठ्याचा भाव ६ लाख झाला असेल तर ५०० चौरस फुटांना पावणेतीन लाख लागतात. वरचे पावणेदोन लाख लाभार्थ्यानं आणायचे कुठून? मंजूर होऊनही न उठलेल्या घरकुलांची संख्या पंचायत समितीतून घ्या आणि त्यांतली 'जागा नाही' या कारणाची वेगळी काढा. भावाचा फटका किती बसतो हे दाखवणारा याच्याइतका स्वच्छ आकडा दुसरा नाही.

गवंड्यांची मजुरी, चिऱ्याचा आणि वाळूचा भाव याबद्दल फार लिहायला नको. बंगल्यांची कामं जोरात असली की गवंडी घरकुलाचं काम अर्धं टाकून तिकडे जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

बंद घर भाड्यानं का दिलं जात नाही

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण 'ब' घरं हीच बहुतेक गावांची खरी शिल्लक आहे.

सातबारा काढा. आजोबांचं नाव 'ए.कु.मॅ.' (एकत्र कुटुंबाचा मॅनेजर) म्हणून तसंच असतं, किंवा वारस लागून सतरा नावं झालेली असतात आणि सगळं सामाईक. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क आहे, त्यामुळे आत्यांची आणि बहिणींची संमतीही लागते. कोणालाच घर नको असतं, पण एकानं भाड्यानं दिलं तर बाकीच्यांना वाटतं त्यानं ते बळकावलं. वाटप होईपर्यंत थांबलात तर घर राहणार नाही. भाड्यासाठी वाटपाची गरजही नाही. सगळ्या सहहिस्सेदारांनी एकाला कुलमुखत्यारपत्र द्यायचं, आणि भाडं आधी घराच्या दुरुस्तीवर आणि घरपट्टीवर खर्च होईल, उरलं तर हिश्शाप्रमाणे वाटलं जाईल, असं त्यातच लिहायचं. पैशाची वाट ठरली की बहुतेक संशय मिटतो.

दुसरी भीती 'कूळ लागेल' ही, म्हणजे भाडेकरू कूळ म्हणून हक्क सांगेल. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर ज्यांच्या जमिनी कुळांकडे गेल्या त्या घरांत ती अजून ताजी आहे. कूळकायदा शेतजमीन कसण्याशी जोडलेला आहे. नुसतं घर लिव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीकृत करारानं दिलं तर त्यातून कूळ उभं राहत नाही. मात्र घरासोबत परसातली वाडी 'बघ जरा' म्हणून भाडेकरूच्या हवाली करू नका. करारात घराचा नंबर, खोल्या आणि चतुःसीमा लिहा, आणि झाडांचं उत्पन्न व जमीन करारात नाही हे स्पष्ट घाला. नोंदणी न करता नुसत्या स्टॅम्प पेपरवर भागवणं हीच इथली नेहमीची चूक.

तिसरं कारण कागदावर कधीच येत नाही: गणपती. घर भाड्यानं दिलं तर गणपती कुठे आणायचा? म्हणून घर ३५० दिवस रिकामं राहतं. यावर साधी तोड आहे. देवघर आणि त्याला लागून एक खोली मालकाकडे कुलपात राहील, गणपतीचे बारा दिवस माजघर आणि ओटी मालकाला मोकळी मिळेल, त्या महिन्याचं भाडं निम्मं, असं करारातच घाला. शिक्षक असेल तर सुट्टीत तो बहुधा आपल्या गावी जातोच.

मग उरतं छप्पर. कौलारू घर दर वर्षी पावसाआधी शाकारलं नाही, म्हणजे कौलं पुन्हा नीट बसवली नाहीत, तर पहिल्यांदा वळचणीच्या आणि पाखाड्या मिळतात तिथल्या रिपा कुजतात. रीप गेली की कौल सरकतं, कौल सरकलं की पाणी थेट वाशावर येतं, तिथून मातीच्या भिंतीत उतरतं आणि वाळवी धरते. तीन-चार पावसाळे असे गेले की 'ब' चं 'इ' होतं. म्हणून मोजणीत 'ब' घरांपुढे एक जादा नोंद करा: शेवटची शाकारणी कोणत्या वर्षी. दोन वर्षांच्या आतली घरं लगेच राहण्याजोगी, त्यापुढची दुरुस्तीसह. दुरुस्तीचा खर्च भाडेकरूनं करायचा आणि तो भाड्यातून फेडायचा असेल तर मजुरी व सामानाच्या पावत्या करारासोबत जोडा, आणि किती महिन्यांत फिटेल ते आकड्यात लिहा.

'क' आणि 'ड' चं काय

रोजावर जाणारं घर महिन्याच्या भाड्याकडे वळेल का, हे विनवणीवर नाही, हिशेबावर ठरतं. रोजचे ४ हजार आणि महिन्याला आठ रात्री धरल्या, पावसाचे महिने सोडून आठ महिने, तर वर्षाला २ लाख ५६ हजार. साफसफाई, वीज, दलाली यांत निम्मे गेले तरी १ लाख २८ हजार उरतात. महिना ३ हजार भाड्यानं वर्षाचे ३६ हजार होतात. आपल्या गावचे आकडे घालून बघा. फरक तिपटीच्या वर असेल तर 'ड' घरांच्या मागे लागण्यात वेळ घालवू नका.

बंगल्यांवर जबर कर लावा अशी सूचना येतेच. वेल्समध्ये २०२३ पासून स्थानिक संस्थांना दुसऱ्या घरावर ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर लावता येतो, आणि स्वित्झर्लंडनं २०१२ च्या सार्वमतानं अशा घरांचं प्रमाण गावामागे २० टक्क्यांवर रोखलं. आपल्याकडे ग्रामपंचायतीची घरपट्टी २०१५ च्या दुरुस्तीपासून भांडवली मूल्यावर आणि राज्यानं ठरवलेल्या दरांच्या चौकटीत बसते. बंद घर म्हणून वेगळा दर लावायची सोय त्यात नाही. शिवाय तसा कर आलाच तर पहिला फटका 'ब' मधल्या, कर भरायलाही एकत्र न येणाऱ्या वारसांना बसेल. हातात आहे ते करा: आकारणी न झालेले बंगले नोंदवहीत आणा आणि वाढलेलं क्षेत्र मोजून घ्या. चार वर्षांनी होणाऱ्या फेरआकारणीची वाट बघत बसू नका.

ग्रामसभेपुढे हे सगळं एकदम ठेवू नका. १५ ऑगस्टच्या सभेत गरजेचा आकडा आणि घरकुलांची अडलेली प्रकरणं घ्या, कारण तेव्हा समोर राहणारा गाव असतो. 'ब' घरांच्या कराराचा मसुदा गणपतीत घरोघर दाखवा. ठराव १ मे च्या सभेत मांडा, चाकरमानी सुट्टीला आलेले असतात, आणि शाकारणीला अजून महिना हातात असतो.